पायऱ्यावाली बाई

आक्काचा जुना फोन फुगला. बॅटरीनं मागचं झाकण आतून उचललं होतं, त्यामुळे टेबलावर ठेवला की फोन भोवऱ्यासारखा फिरायचा. नवा घेणं भागच होतं. अमळनेरच्या बाजारातल्या दुकानात काउंटरमागचा पोरगा जुन्यातले नंबर नव्यात घेत होता आणि नको असलेले काढून टाकायचे म्हणून एकेक नाव मोठ्यानं वाचत होता. गॅसवाला. गॅसवाला जुना. भुसावळ नणंद. भुसावळ नणंद दुसरा नंबर. पिठाची गिरणी. दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही एव्हाना आक्काचा संसार पाठ होत चालला होता. मग पोरगा अडखळला. "पायऱ्यावाली बाई. ठेवू का काढू?" आक्का पर्समध्ये सुटे पैसे शोधत होती. वर न बघता म्हणाली, "राहू दे." पोरगा भला होता. "नाव तरी नीट टाकून देतो, मावशी. काय नाव त्यांचं?"

"तेच," आक्का म्हणाली.

आक्काला त्या बाईचं नाव माहीत नाही. दोघींची भेट आयुष्यात एकदाच झाली, इटलीतल्या एका जिन्यावर आणि नंतर एका दुकानाच्या ओट्यावर, सगळी मिळून दीड-दोन तासांची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आजही येत नाही. तरी रोज सकाळी सहाला, चहा उकळायला ठेवला की आक्का तिला गुलाबाचं, गणपतीचं किंवा उगवत्या सूर्याचं चित्र पाठवते आणि तिकडून कधी हात जोडलेले, कधी एखादं फूल, कधी मांजर येतं. हे सगळं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला टोचलं ते "राहू दे" म्हणतानाचं तिचं सहजपण. भुसावळच्या नणंदेच्या दुसऱ्या नंबरावर तिनं पुरता अर्धा मिनिट विचार केला होता.

खान्देशाला समुद्र नाही. तापी आहे, पण ती पाणी आपल्याकडून नेते आणि समुद्र सुरतेला दाखवते. त्यामुळे प्रवासातली ओळख म्हणजे काय हे आपण शिकलो ते भुसावळ-सुरत मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो, पाचवा "जरासं सरका" म्हणून एका मांडीवर टेकतो. पहिला प्रश्न नावाचा नसतो. "कथा जाई राहिनात?" म्हणजे कुठं चाललात, हा असतो, कारण तुम्ही नरडाण्याला उतरणार असाल तर तुमची जागा कुणाला द्यायची ते आतापासून ठरवावं लागतं आणि उधन्याला उतरणार असाल तर तुमच्याशी जुळवून घेणं भाग आहे. मग डबा उघडतो. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची कोरडी चटणी, कांदा. दोंडाईचा येईपर्यंत पोराचं लग्न, सुरतेतल्या लूमवरची पाळी, कपाशीचा भाव, गुडघ्याचं ऑपरेशन हे सगळं झालेलं असतं आणि उतरताना लक्षात येतं की नाव विचारायचं राहिलंच. घरी सांगताना आपण म्हणतो, "ते दोंडाईच्याचे काका भेटले होते." पायऱ्यावाली बाई हे नाव त्याच वहीतलं आहे. आक्कानं ते इटलीत जाऊन वापरलं, एवढंच.

इटलीच्या किनाऱ्यावरची ती पाच गावं बहुतेकांनी पाहिलेली असतात, निदान कॅलेंडरवर. कड्यावर एकावर एक रचलेली पिवळी, गुलाबी, विटकरी घरं आणि खाली निळं पाणी. चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच भूमी : रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा आणि मोंतेरोसो. सहल कंपन्यांच्या पत्रिकेत "एका दिवसात पाचही गावं" असं छापलेलं असतं आणि ते खोटं नाही. आगगाडीनं एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला दोन ते पाच मिनिटं लागतात. पारोळ्याच्या बसस्टँडवर उसाचा रस घ्यायलाही त्याहून जास्त वेळ जातो. पण पाच गावं करायची म्हणजे पाच वेळा उतरायचं, पाच वेळा फलाटावर उभं राहायचं, पाच वेळा स्वच्छतागृहाच्या रांगेत सुटे युरो शोधायचे. संध्याकाळी फोनमध्ये चारशे फोटो असतात आणि कुठला कुठल्या गावाचा हे सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर तीनच करावीत आणि त्यातल्या एकात निरुद्योगी बसावं. बसल्याशिवाय माणूस भेटत नाही.

आता कामाचं. मुक्काम जवळच्या ला स्पेत्सिया शहरात करावा. फ्लोरेन्सहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण सव्वादोन-अडीच तास जायला आणि तेवढेच यायला, बऱ्याचदा पिसाला गाडी बदलून. म्हणजे दिवसाची दोन्ही टोकं रुळांवर जातात. ला स्पेत्सियाहून रिओमाज्जोरे आठेक मिनिटांवर आहे. स्टेशनवरच रेल्वेसहित मिळणारं चिंक्वे तेर्रे कार्ड घ्यावं : दिवसभर पाचही गावांच्या गाड्या, गावातल्या छोट्या बस आणि समुद्राकाठच्या पायवाटा त्यात येतात. सुटी कागदी तिकिटं घेतली तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात खोचून शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरणारे आपले लोक पुष्कळ. गाडीचा दरवाजा आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. मुंबईच्या लोकलची सवय असलेला माणूस दार उघडेल म्हणून उभा राहतो आणि गाडी निघून जाते. आणखी एक : डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये स्टेशनला जागाच नाही, त्यामुळे काही ठिकाणी गाडीचे निम्मे डबे बोगद्यातच थांबतात. बाहेर अंधार दिसला म्हणून बसून राहू नये, पाटी वाचावी आणि उतरावं. फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागे राहावं, कारण लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता सुसाट जातात. हे शेवटचं भुसावळकराला सांगायची गरज नाही.

प्रकाशाचंही एक गणित आहे. गावांच्या पाठीशी पूर्वेला डोंगर आणि समोर समुद्र. सकाळी नऊला मानारोलाचा फोटो काढलात तर घरं सावलीत राहतात, रंग मळकट येतात आणि माणूस म्हणतो, कॅलेंडरवाल्यांनी फसवलं. तीच घरं दुपारी चारनंतर पेटतात. म्हणून सकाळी लवकरच्या गाडीनं थेट वेर्नात्सा, दहाच्या सुमाराला मोठे जथे येऊन आदळायच्या आत तिथलं छोटं बंदर पाहून घ्यावं. दुपार उंचावरच्या कोर्निल्यात. आणि शेवटी मानारोला. पोहायचं असेल तर मात्र मोंतेरोसो, खरी वाळूची चौपाटी तिथंच आहे. बोटीनं जायची हौस असेल तर ती साधारण वसंतापासून शरदापर्यंत चालते, समुद्र खवळला की बंद, आणि कोर्निल्याला थांबत नाही कारण त्या गावाला धक्काच नाही. डोंगरातल्या पायवाटांवर साध्या चपला घालून गेलात तर दंड होऊ शकतो. आमच्या गटातल्या एका अप्पांना हे पटेना. सप्तशृंगी अनवाणी चढलेला माणूस, त्याला चपलेचा दंड!

रंगांबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात : कोळ्यांना लांबून आपलं घर ओळखू यावं म्हणून. गोष्ट छान आहे. जवळ जाऊन भिंत पाहिली की दुसरंही काही दिसतं. मुळातली भिंत दगडाची, तिच्यावर चुन्याचा गिलावा आणि त्यात मातीतून निघणारे रंग, पिवळी माती, गेरू. खाऱ्या वाऱ्यातला ओलावा भिंतीत शिरतो तसा चुन्यातून बाहेरही पडतो. त्याच भिंतीला सिमेंट किंवा प्लास्टिकसारखा रंग लावला की ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. वेर्नात्साच्या एका कोपऱ्यावर असा पापुद्रा सुटलेला होता : वर गुलाबी, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा गुलाबी, म्हणजे घरात दर पिढीला भांडण झालेलं दिसतं. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना दिवाळीआधी चुना द्यायचे, त्यात थोडी नीळ टाकायचे. नीळ जास्त पडली की सगळं घर निळसर, आणि मग त्या घराचं नाव वर्षभर निळं घर. ओळखायला रंग लागतो हे खरंच आहे, पण ओळखायला समुद्रातूनच यावं लागतं असं नाही.

खाण्याचा प्रश्न निघायच्या महिनाभर आधीपासून आक्काच्या डोक्यात होता. पेढे, खवा, तूप घातलेलं काही न्यायचं नाही, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. ताज्या फळांनाही बहुतेक सगळ्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती पाचच फळांना : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळं. हे वाचून दाखवलं तेव्हा आक्काचा चेहरा असा झाला की जणू नियम करणाऱ्यांनी आधी रावेर-यावलचा दौरा केला होता. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या लेखी खरं मानांकन हे. मग तिनं केळी निवडली. पिवळी धमक घ्यायची नाहीत, विमानतळावरच त्यांचा शिरा होतो. हिरवी, कडा गोल झालेली, देठाशी नुकती पिवळसर झाक आलेली अशी आठ. फणीचा जो देठ असतो त्यातूनच पिकवणारा वायू जास्त सुटतो असं म्हणतात, म्हणून देठाला प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. प्रत्येक केळं वर्तमानपत्रात वेगळं. सामानाच्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत, सगळ्यात वर. आणि हॉटेलच्या फ्रिजमध्ये कधीच ठेवायचं नाही. तेरा अंशांच्या खाली गेलं की केळ्याला थंडी बाधते, साल काळी पडते आणि आतून ते धड पिकत नाही. गटातल्या एका वहिनींनी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या केळ्यांकडे बघून आक्का काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

कोर्निल्या हे पाचातलं एकच गाव समुद्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर आहे. स्टेशन खाली, गाव वर. मध्ये विटांचा नागमोडी जिना, लार्दारिना त्याचं नाव : तेहतीस टप्पे, पायऱ्या पावणेचारशेहून जास्त. गाडी आली की स्टेशनबाहेरून एक छोटी बस वर जाते, पण ती खरोखरच छोटी आहे. आपण शेवटच्या डब्यात बसलेलो असलो तर फलाट चालून बाहेर येईपर्यंत ती भरलेली असते. तसंच झालं. पुढच्या बसला वेळ होता, ऊन चढत होतं आणि आक्का म्हणाली, चढू हळूहळू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे करू नये, बसचीच वाट पाहावी. उतरताना मात्र जिना घ्यायला हरकत नाही, समुद्र समोर राहतो. हे ज्ञान नंतरचं. अर्ध्यावर, कितव्या टप्प्यावर कोण जाणे, एक बाई कठड्याला टेकून बसली होती. साठी उलटलेली, लाल छत्री मिटून मांडीवर, बुटाची नाडी सुटलेली. वाकून बांधायची ताकद उरली नव्हती तिच्यात. आक्कानं शेजारी बसकण मारली. मग वरून उतरणारा एक घोळका आला, बाई अंग चोरून उठायला लागली, तेव्हा आक्कानं तिच्या हाताला धरून खाली ओढलं आणि शेजारची वीट थोपटत म्हणाली, "बठ व माय, जागा शे ना."

बाई बसली.

पुढचं सगळं पॅसेंजरमध्ये होतं तसंच झालं, फक्त बोलणं वगळून. पिशवीतून केळं निघालं. बाईनं ते हातात घेऊन वास घेतला आणि डोळे मोठे केले. तिकडे दुकानात मिळणारी केळी लांबलचक आणि वासाला मुकी असतात. तिनं आपल्या पिशवीतून बिस्किटं काढली. आक्कानं गुडघ्याकडे बोट दाखवलं, बाईनं आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे. आक्कानं गळ्यातल्या पोतीवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं, बाईनंही तसंच आकाशाकडे पाहून छातीवर क्रूस काढला. दोघींचे नवरे एका मिनिटात सांगून झाले. मग एकमेकींच्या खांद्याला धरून त्या चढू लागल्या आणि बाई मोजायला लागली : उनो, दोस, त्रेस. दहा पायऱ्या झाल्या की थांबायचं. मग आक्काची पाळी : एक, दोन, तीन. अजूनही पद्मालयाच्या किंवा कुठल्याही देवळाच्या पायऱ्या चढताना आक्का उनो दोस त्रेस म्हणते आणि बायका तिच्याकडे बघतात.

वर पोचल्यावर अरुंद गल्लीत एका दुकानाच्या ओट्यावर बसून दोघींनी जे खाल्लं ते खान्देशी माणसाला नवं आणि जुनं एकदमच वाटतं. हरभऱ्याचं पीठ. या किनाऱ्यावर त्याला फारिनाता म्हणतात. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी, चवीपुरतं मीठ, बस. पाणी थोडं थोडं घालून गुठळ्या मोडायच्या आणि मग ते पीठ चार-पाच तास, जमलं तर रात्रभर, नुसतं ठेवायचं. वर फेस येतो तो झाऱ्यानं काढून टाकायचा. पसरट तांब्याच्या परातीत भरपूर ऑलिव्ह तेल, त्यावर ही पातळ खीर ओतायची, बोटाच्या पेराहूनही कमी जाडीची, आणि धगधगत्या लाकडाच्या भट्टीत सरकवायची. वरून खरपूस, आतून मऊसूत. त्यावर मिरपूड. आक्कानं घरी येऊन तीनदा बिघडवलं तेव्हा कुठे जमलं. पहिल्यांदा पीठ भिजत ठेवलं नाही, ते जिभेला खरखरीत लागलं आणि कच्चट वास आला. दुसऱ्यांदा पाणी कमी, त्याचं धिरडं झालं. तिसऱ्यांदा ओव्हन पुरेसा तापला नव्हता, त्याची सरळ वडी पडली आणि आम्ही ती कढीत टाकून खाल्ली. आता ती लोखंडी कढई आधी गॅसवर धूर येईपर्यंत तापवते, पीठ ओतते आणि मग ओव्हनमध्ये सर्वांत जास्त आचेवर ठेवते. आपलं बेसन डाळीचं, त्यांचं पीठ सबंध हरभऱ्याच्या जवळचं, त्यामुळे चवीत फरक राहतोच. पण आक्का त्याला फारिनाता म्हणत नाही, "फायना" म्हणते. मी कितीतरी वेळा दुरुस्त केलं. तिचं उत्तर ठरलेलं : "ती बाई फायनाच म्हणे."

शाकाहारी माणसानं तिथं हेच मागावं. पेस्तो म्हणजे बेझिलच्या पानांची चटणी, पण तिच्यात चीज असतं, आणि तिथल्या बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, हे जळगावच्या जैन मंडळींना आधीच सांगितलेलं बरं. पिझ्झावर न मागता अच्चूगे नावाचे छोटे खारे मासे येऊ शकतात. मोंतेरोसो त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

कोर्निल्याच्या टोकावरून मागे वळून पाहिलं की घरं विसरायला होतात आणि डोंगरच दिसतो, पायऱ्या पायऱ्यांचा. द्राक्षांची शेतं पेलून धरणाऱ्या दगडी ताली, माती-चुना काही न वापरता नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेल्या. पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं म्हणून भिंत टिकते. बांधणारे हात शहरात गेले, पोरं नोकरीला लागली, ताली ढासळल्या. २५ ऑक्टोबर २०११ ला ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा डोंगराची माती वेर्नात्सा आणि मोंतेरोसोच्या गल्ल्यांतून समुद्रात उतरली, दुकानांचे तळमजले चिखलात गाडले गेले, माणसं गेली. १९९७ पासून जागतिक वारसा आणि १९९९ पासून राष्ट्रीय उद्यान असलेली ही जागा, पण दगड निसटला की कागद कामाला येत नाही. पांझरेकाठच्या, गावानं मिळून पाणी वाटून घ्यायच्या फड पद्धतीची आठवण होते. तिथंही पाणी पाटातून येतं ते पाट साफ करणारे हात जोवर एकत्र येतात तोवरच. रिओमाज्जोरे आणि मानारोलाला जोडणारी कड्यावरची छोटी वाट, जिला प्रेमवाट म्हणतात, तीही २०१२ साली दगड कोसळून बंद झाली. आम्ही गेलो तेव्हा तिच्या तोंडाशी जाळी होती. ती २०२४ मध्ये उघडली, आता वेळ ठरवून तिकीट काढून जावं लागतं.

मानारोलाच्या डोंगरावर हिवाळ्यात दिव्यांची मोठी आरास असते, ख्रिस्तजन्माचा देखावा, दिवे लावलेल्या शेकडो आकृतींचा. तो वर्षानुवर्षं टाकाऊ सामानातून उभा केला मारिओ आंद्रेओली नावाच्या माणसानं, आणि हा माणूस होता रेल्वेतून निवृत्त झालेला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गणपतीची आरास करणारे निवृत्त फिटर डोळ्यांसमोर येतात. ती बाई आणि आक्का संध्याकाळी मानारोलाला पुन्हा भेटतील असं वाटलं होतं, पण त्या दोघींचा निरोप कोर्निल्याच्या बसमध्येच झाला. उतरायच्या आधी बाईनं आक्काच्या फोनमध्ये स्वतःच नंबर टाकला, नावाच्या जागी काहीतरी लिहिलं, आक्काला ते वाचता आलं नाही, तिनं रात्री हॉटेलवर ते पुसून मराठीत केलं.

प्रवासातल्या मैत्रीबद्दल फार गोड बोललं जातं, मला ते सगळं पटत नाही. आमच्या सहलीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, चौदा जणांचा. परत आल्यावर महिनाभर फोटो आले, मग वाढदिवस, मग एका सभासदानं धुळे बायपासजवळच्या प्लॉटची जाहिरात टाकली आणि ग्रुप जो गप्प झाला तो कायमचा. यांच्याबरोबर आम्ही नऊ दिवस एका बसमध्ये होतो, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या. "घरी या हं" आपण म्हणतो तेव्हा दोघांनाही ठाऊक असतं की कुणी येणार नाही, आणि एखादा खरंच आला तर पंचाईत होते. मग दीड-दोन तासांच्या त्या बाईचंच का टिकावं? त्यांना एकमेकींचं काही माहीत नाही म्हणून टिकलं असं मी मानत होतो. माहिती नाही, म्हणजे मतभेद नाही, प्लॉट नाही.

पण त्या संध्याकाळी नवा फोन हातात घेऊन मी तो नंबर पहिल्यांदाच नीट पाहिला. इटलीचा क्रमांक ३९ नं सुरू होतो. हा ५४ नं होता. अर्जेंटिना.

मग सगळं भराभर जागेवर बसायला लागलं. इटालियनमध्ये दोनला "दुए" म्हणतात. "दोस" हा स्पॅनिश शब्द आहे आणि तो माझ्या कानावर इतकी वर्षं पडत होता. एकोणिसाव्या शतकात या लिगुरिया किनाऱ्यावरची माणसं बोटी भरभरून बुएनोस आइरेसला गेली आणि तिथल्या बंदराशेजारी, ला बोका नावाच्या वस्तीत राहिली. पत्र्याची घरं बांधली आणि जहाजांना लावून उरलेला रंग त्यांना फासला : एक भिंत निळी, डबा संपला म्हणून दुसरी पिवळी. मॅराडोनामुळे आपल्या पोरांना पाठ असलेला बोका ज्युनियर्स हा क्लब १९०५ साली तिथंच निघाला आणि त्याच्या लोकांना आजही "सेनेइसे" म्हणजे लिगुरियातल्या जेनोवा बंदराचे लोक म्हणतात. ही माणसं जाताना हरभऱ्याचं पीठही घेऊन गेली. तिकडे पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून ते खातात आणि त्याला फारिनाता म्हणत नाहीत. फायना म्हणतात. ती बाई बहुधा आजोबा-पणजोबांचं गाव बघायला आली असावी आणि आपल्याच गावाच्या जिन्यावर, परकी होऊन, धापा टाकत बसली असावी. आक्का तिला यजमान समजून चालली होती. बसायला जागा आक्कानं दिली.

मी हे सगळं आक्काला सांगितलं. फोनवर नकाशा काढून दाखवला, ही इटली, हे अर्जेंटिना, हे आपण. फायना बरोबर होतं हेही कबूल केलं; ते तिनं मान हलवून घेतलं, जसं पोस्टमननं उशिरा आणलेलं पत्र घ्यावं. मग बराच वेळ गप्प राहून तिनं एकच विचारलं, "तिथं आता किती वाजले?" मी हिशोब केला. साडेआठ तास मागे. म्हणजे आपल्याकडे सकाळचे सहा तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ.

"म्हणजे इतकी वर्षं मी तिला झोपायच्या टायमाला सूर्य पाठवते?"

आता ती सकाळी पाठवत नाही. दुपारी जेवण होतं, ओट्यावरचं ऊन भिंतीला जाऊन टेकतं, गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नाही. तीन वाजले की आक्का चष्मा लावते आणि सूर्य शोधायला बसते. नुकताच उगवलेला हवा असतो, बराच वर आलेला चालत नाही.